मुंबईतील चाळी आणि वार्धक्य : एका उपेक्षित संशोधनविषयाचा इतिहास

निवासस्थानाची अवस्था आणि मनुष्याचे आरोग्य यांचा परस्परसंबंध हा मुंबईच्या सामाजिक इतिहासातील जुना विषय होय. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला तेव्हापासून या शहरातील राहत्या खोल्यांची मोजदाद सुरू झाली, आणि ती आजतागायत थांबलेली नाही. खोलीची लांबीरुंदी, तीतील माणसांची संख्या, भाडे, नळ, शौचकूप, उजेड, वारा या सर्वांची नोंद गेल्या सव्वाशे वर्षांत पुनःपुन्हा झाली. तथापि या विपुल सामग्रीत एका वर्गाचा शोध घेऊ गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. तो वर्ग म्हणजे चाळीत राहणाऱ्या वृद्धांचा. त्याची नोंद का झाली नाही, ती केव्हा होऊ लागली, आणि ज्या साधनांनी ती झाली त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१. प्लेग, मजूर आणि खोली

मुंबईतील निवासविषयक चौकशीला दोन भिन्न प्रेरणा लाभल्या. पहिली प्रेरणा साथीच्या भीतीची. प्लेगच्या काळात अधिकाऱ्यांनी घरोघर तपासणी केली, मनुष्यवस्तीस अयोग्य ठरलेल्या जागांवर तशा खुणा केल्या, आणि १८९८ च्या कायद्यान्वये मुंबई सुधार न्यास, म्हणजेच लोकांच्या तोंडचा 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट', अस्तित्वात आला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे व आरोग्यदायक घरे बांधणे ही त्याची उद्दिष्टे होती. १९३३ मध्ये हा न्यास महापालिकेत विलीन झाला. या सर्व कार्यात घर हे रोगाचे आश्रयस्थान म्हणून पाहिले गेले. घरात राहणारा मनुष्य कोणत्या वयाचा आहे, या प्रश्नाला तेथे गौण स्थान होते.

दुसरी प्रेरणा गिरणीधंद्याची. पहिल्या महायुद्धानंतर भाडी वाढली, संप झाले, आणि मजुराची कार्यक्षमता हा सरकारच्या व मालकांच्या चिंतेचा विषय झाला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० मध्ये विकास खाते स्थापन झाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या केल्या. यांनाच पुढे बी. डी. डी. चाळी हे नाव पडले. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांस मिळून वीस खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि नळ व शौचकूप मजल्यागणिक सामाईक, अशी त्यांची रचना. आरंभीच्या वर्षांत यांतील कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याच सुमारास मजुरांच्या राहणीची पद्धतशीर पाहणी होऊ लागली. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची चौकशी केली. कामगारवर्गापैकी शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहतात, हा तिचा निष्कर्ष १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालात येऊन सर्वतोमुखी झाला. १९२५ मध्ये ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचा 'लेबर अँड हाउसिंग इन बॉम्बे' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १९३८ मध्ये जी. आर. प्रधान यांनी मुंबईतील अस्पृश्य कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या कामगारवस्तीचा इतिहास लिहिणाऱ्यास या ग्रंथांवाचून पुढे जाता येत नाही.

२. पद्धती आली, प्रश्न आला नाही

बर्नेट-हर्स्ट यांचे पूर्वकार्य येथे विचारात घ्यावयास हवे. १९१५ मध्ये ए. एल. बाउली यांच्यासमवेत त्यांनी इंग्लंडमधील काही शहरांच्या दारिद्र्याविषयी ग्रंथ लिहिला होता. नमुना-पाहणीच्या इतिहासात त्या ग्रंथास महत्त्वाचे स्थान आहे. म्हणजे चार्ल्स बूथ यांनी लंडनमध्ये आणि सीबोम राउंट्री यांनी यॉर्कमध्ये ज्या परंपरेचा पाया घातला, तिचाच वारसा मुंबईच्या चाळींपर्यंत येऊन पोहोचला.

परंतु त्या परंपरेतील एक शाखा मुंबईस आली नाही. बूथ यांनी १८९४ मध्ये इंग्लंड व वेल्समधील वृद्ध दरिद्री जनांविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. दारिद्र्याच्या कारणांमध्ये वार्धक्य हे एक प्रमुख कारण आहे, हा विचार तेथे रुजला व त्यातूनच १९०८ चा वृद्धवेतनाचा कायदा झाला. तो सत्तर वर्षांवरील व्यक्तींना लागू होता. एकदा वेतन द्यावयाचे ठरले की वेतन घेणारा मोजावा लागतो, त्याचे वय निश्चित करावे लागते, तो कोठे व कसा राहतो हे पाहावे लागते. जे. एच. शेल्डन यांनी वुल्व्हरहॅम्प्टन येथील वृद्धांची घरोघर जाऊन केलेली व १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी, आणि पीटर टाउन्सेंड यांनी लंडनच्या बेथ्नल ग्रीन भागातील २०३ वृद्धांच्या मुलाखतींवर आधारलेला १९५७ चा ग्रंथ, ही या परंपरेची परिणत फळे होत.

मुंबईत वृद्धवेतन नव्हते. गिरणीकामगारास भविष्यनिर्वाह निधीचा कायदेशीर आधार १९५२ मध्ये आणि उपदानाचा १९७२ मध्ये मिळाला. त्यापूर्वी कामावरून उतरलेला मनुष्य सरकारच्या किंवा गिरणीच्या कोणत्याही वहीत उरत नसे. पाहणीचे एकक 'मिळवता मजूर' हे होते. त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे जमाखर्चाच्या कोष्टकात खाणारी तोंडे म्हणून येत. राहणारी माणसे म्हणून नव्हे. संशोधनाचे साधन परदेशातून आणता येते, पण संशोधनाचा प्रश्न त्या त्या समाजाच्या व शासनाच्या गरजेतून उत्पन्न होतो, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

३. जन्म आणि मृत्यू यांचा हिशेब

खराब घरांचा परिणाम मोजण्यासाठी त्या काळी जे परिमाण सर्वमान्य होते, ते बालमृत्यूचे. १९२१ मध्ये मुंबईत एका खोलीच्या बिऱ्हाडांतील बालमृत्यूचे प्रमाण हजारी ८०० हून अधिक दाखविले गेले. हा आकडा त्या काळच्या चर्चेत वारंवार आढळतो. त्याची भीषणता मान्य करूनही त्याच्या गणनेतील दोष ध्यानात घेतला पाहिजे. कोकणातील वा घाटावरील स्त्री बाळंतपणासाठी माहेरी जाई. मुलाचा जन्म गावी होई आणि मूल मुंबईच्या खोलीत आल्यावर दगावले तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत होई. जन्म कमी व मृत्यू अधिक, अशा या विषम नोंदीमुळे प्रमाण फुगत असे.

वृद्धांच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडत होते. चाळीच्या खोलीत, गिरणीच्या कापूसभरल्या हवेत, दमट भिंतींच्या आश्रयाने पंचवीस-तीस वर्षे काढलेला मनुष्य शरीर थकले की गावी परत जाई. दमा, क्षय किंवा सांधेदुखी जडे ती मुंबईत. मरण येई ते रत्नागिरी, सातारा वा कुलाबा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात. कारण एका वहीत व कार्य दुसऱ्या वहीत, अशी ही विभागणी होती. त्यामुळे चाळीचा वार्धक्यावर होणारा परिणाम शहराच्या मृत्युनोंदीत उमटलाच नाही. मुंबईच्या आकडेवारीने बालकांच्या बाबतीत घराचा दोष कदाचित अधिक दाखविला असेल; वृद्धांच्या बाबतीत तिने तो जवळजवळ पूर्णतः झाकला.

जनगणनेतील लिंगप्रमाण या स्थलांतरावर प्रकाश टाकते. १९२१ मध्ये मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ५२५ च्या आसपास होती. उलट रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांहून सातत्याने अधिक राहिली. २०११ च्या जनगणनेतही ती हजारी ११२२ होती. तरुण पुरुष शहराने घ्यावयाचे, आणि त्यांची बालके, स्त्रिया व वृद्ध गावाने सांभाळावयाचे, अशी ही श्रमविभागणी होती. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, गावाशी असलेला संबंध हा कामगाराच्या मागासलेपणाचे लक्षण नसून आजार, बेकारी व वार्धक्य यांविरुद्ध त्याने राखून ठेवलेला तो आधार होता. गिरण्यांना स्वस्त मजूर मिळत होता, त्याचा एक भाग कोकणातील शेतीने व तेथील स्त्रियांच्या कष्टांनी भरून दिलेला होता, असा याचा अर्थ होतो.

४. 'बिऱ्हाड' आणि 'घर'

या व्यवस्थेची साक्ष भाषेतही सापडते. मुंबईतील चाकरमान्याच्या बोलीत 'घर' व 'बिऱ्हाड' हे शब्द समानार्थी नव्हेत. 'बिऱ्हाड' या शब्दात तात्पुरत्या मुक्कामाची छटा आहे. बिऱ्हाड करतात, हलवितात, पाठीवर घेतात, घर बांधतात. चाळीतील जागेला तर 'खोली' हाच शब्द रूढ होता. 'आमची खोली परळला' असे म्हणणाऱ्याचे 'घर' गावी असे. ज्या जागेला बोलणारा स्वतःच घर म्हणत नाही, तेथे म्हातारपण काढावयाचे ही कल्पना त्याच्या शब्दसंग्रहात बसत नव्हती.

पाहणी करणाऱ्याच्या दृष्टीने या भेदाचे महत्त्व मोठे आहे. इंग्रजी प्रश्नपत्रिकेतील कुटुंबवाचक शब्दाचे भाषांतर 'घर' असे केले आणि 'घरात माणसे किती?' असे विचारले, तर उत्तरात गावची आईही येऊ शकते. 'खोलीत किती?' असे विचारले, तर रात्रपाळीमुळे दिवसा निजणारा नातलग व खाणावळीपुरता राहणारा गाववाला हेही मोजले जातात, आणि गावची आई गळते. दोन्ही उत्तरे खरी आहेत. पण ती दोन भिन्न प्रश्नांची आहेत. 'म्हातारा' या शब्दाचेही तसेच आहे. वयाची अचूक नोंद नसलेल्या समाजात हा शब्द वर्षांवरून ठरत नाही, तो कामावरून ठरतो. यंत्रापुढे उभे राहता येईनासे झाले की मनुष्य म्हातारा. साठ वर्षांची शासकीय मर्यादा, जी १९९९ च्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरणात आणि २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहविषयक कायद्यात स्वीकारली गेली, ती या जुन्या अर्थावर नंतर चढविलेली आहे. पूर्वीच्या साधनांतून 'वृद्ध' शोधताना आजची वयोमर्यादा मागे लावणे सदोष ठरते.

५. भाडेपावतीने बदललेले वार्धक्य

गावी परतण्याची ही रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिथिल झाली. तिच्या अनेक कारणांपैकी एक कारण कायद्यात दडलेले आहे व त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर भाडी गोठविली. खोलीचे मोल वाढत गेले आणि भाडे जागच्या जागी राहिले. बिऱ्हाड म्हणून घेतलेली जागा अशा रीतीने कुटुंबाची सर्वांत मौल्यवान मत्ता झाली. पागडी ही त्या मोलाची बाजारातील अभिव्यक्ती होय. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने तिला वैधताही दिली.

कायद्यातील दोन तरतुदी वृद्धांच्या दृष्टीने निर्णायक ठरल्या. भाडेकरूच्या मृत्युसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेहक्क मिळतो, ही पहिली. जागा सलग सहा महिने योग्य कारणावाचून वापरात नसेल तर घरमालकास ताबा मागता येतो, ही दुसरी. ज्याच्या नावाने भाडेपावती आहे त्या वृद्धाने खोली बंद करून गावी जाणे आता धोक्याचे झाले. मुलांपैकी कोण त्याच्याबरोबर राहतो, हा प्रश्न वारशाचा प्रश्न झाला. वृद्धास कुटुंबात काही वजन प्राप्त झाले ते या पावतीमुळे, आणि तीन पिढ्या एका खोलीत कोंडल्या गेल्या त्याही या पावतीमुळे.

दुसरीकडे, गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती करण्यास घरमालकास काहीच हित उरले नाही. इमारती जीर्ण होत गेल्या. १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला व उपकर लागू झाला. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती आणि त्यांपैकी १६,५०२ इमारती १९४० पूर्वीच्या होत्या. भाडेकरू आणि इमारत ही दोन्ही एकाच वेळी म्हातारी होत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांपैकी अनेकांचे काम कायमचे सुटले. त्यांतील प्रौढ कामगार कोणत्याही निवृत्तिवेतनावाचून अकाली वृद्ध झाले, असे कामाशी निगडित असलेल्या जुन्या अर्थाने म्हणता येईल.

६. संशोधनाची उशिरा आलेली जाग

स्वातंत्र्योत्तर काळात शहराविषयी मौलिक संशोधन झाले. डी. टी. लकडावाला व सहकाऱ्यांची आर्थिक पाहणी १९६३ मध्ये, के. सी. झकरिया यांचा बृहन्मुंबईतील स्थलांतरितांचा अभ्यास १९६८ मध्ये, आणि अ. र. देसाई व देवदास पिल्ले यांचा झोपडवस्तीविषयक ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासांचा भर रोजगार, स्थलांतर आणि नागरीकरण यांवर होता. वार्धक्य हा स्वतंत्र विषय म्हणून टाटा समाजविज्ञान संस्थेत के. जी. देसाई यांच्या प्रयत्नांनी पुढे आला. त्यांनी संपादिलेला भारतातील वार्धक्याविषयीचा ग्रंथ १९८२ चा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनी १९९६ मध्ये भारतीय वृद्धांविषयी ग्रंथ लिहिला. २०१७-१८ मध्ये देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची राष्ट्रव्यापी पाहणी झाली. तीत शौचकूप, पाणी, जळण आणि घरातील धूर यांची नोंद आरोग्याच्या नोंदीशेजारी घेतली गेली.

याच कालखंडात मौखिक इतिहासाचे साधन उपलब्ध झाले. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये गिरणगावातील माणसांच्या आठवणी त्यांच्याच बोलण्यातून संकलित केल्या आणि २०११ मध्ये आडारकर यांच्या संपादनाखाली चाळींविषयीचा लेखसंग्रह निघाला. येथे वृद्ध रहिवासी प्रथमच केवळ मोजली जाणारी वस्तू न राहता साक्षीदार म्हणून उभा राहिला. मात्र या साधनासही एक स्वाभाविक मर्यादा आहे. वृद्ध साक्षीदारास गिरणीविषयी, संपाविषयी, चळवळीविषयी विचारले जाते. आज जिना कसा चढता, हे त्यास विचारले जातेच असे नाही.

७. दोष आणि आधार

खराब घराचे वार्धक्यावरील परिणाम कोणत्या मार्गांनी घडतात? पहिला मार्ग अंतराचा. सामाईक शौचकूप मजल्याच्या टोकाशी असतो. तरुणास ते अंतर जाणवत नाही. रात्रीतून तीनदा उठावे लागणाऱ्या सत्तर वर्षांच्या स्त्रीस ते दिनक्रमाचे केंद्र होते. संध्याकाळनंतर पाणी पिणे टाळणे हा त्यावरील सर्वांत सोपा आणि आरोग्यास अपायकारक उपाय होय. दुसरा मार्ग जिन्याचा. झिजलेल्या पायऱ्या, हलणारा कठडा आणि अंधार यांमुळे पडण्याचा धोका वाढतो, आणि पडण्याच्या भीतीने मनुष्य खाली उतरणेच सोडतो. शेल्डन यांनी १९६० मध्ये वृद्धांच्या पडण्याविषयी लिहिलेला निबंध जिन्यांचे व अपुऱ्या उजेडाचे महत्त्व दाखविणारा आहे. तिसरा मार्ग दमट भिंती, धूर आणि कोंदट हवा यांचा. चौथा मार्ग एकांताच्या अभावाचा. सून, मुलगा, नातवंडे आणि आजारी वृद्ध यांनी १६० चौरस फुटांत रात्र काढावयाची म्हणजे कोणी तरी बोळात किंवा गॅलरीत वळकटी टाकलीच पाहिजे. आणि ते बहुधा घरातील वयस्क पुरुष असतात.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होईल. ज्या रचनेने एकांत हिरावून घेतला, तिनेच सोबत दिली. उघडे दार, समोरून जाणारी गॅलरी, नळावरची गाठभेट, यांमुळे एकट्या वृद्धाचे दार सकाळी उघडले नाही तर ते शेजाऱ्यांच्या ध्यानात येते. मायकेल यंग व पीटर विल्मॉट यांनी १९५७ मध्ये लंडनच्या संदर्भात हेच दाखविले होते. जुन्या वस्तीतून नव्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांस अधिक चांगले घर मिळाले. पण आई, मुलगी व शेजारी यांच्या नित्य सहवासाचे जाळे विरले. मुंबईची चाळ म्हणजे बेथ्नल ग्रीन नव्हे, हे खरे. जात, गाव आणि भाषा यांच्या गाठी येथे वेगळ्या आहेत, आणि शेजार सर्वांनाच सारखा लाभला असेही नाही. तथापि मूळ प्रश्न तोच राहतो. घराचा दोष आणि घराचा आधार एकाच भिंतीत असतील, तर भिंत पाडताना कशाची नोंद ठेवावयाची?

८. समारोप

हा प्रश्न आज केवळ ऐतिहासिक राहिलेला नाही. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचा शुभारंभ २०१७ मध्ये झाला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळी येथील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीत आयुष्य गेलेल्यांच्या दृष्टीने स्वतःचा शौचकूप व उद्वाहन यांचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. परंतु या घोषणेपासून किल्लीपर्यंतच्या कालावधीचे मोल सर्वांना सारखे नसते. तिशीतील भाडेकरूस आठ वर्षे ही प्रतीक्षा होय. पंचाहत्तरीतील भाडेकरूस ते उरलेले आयुष्य असू शकते. शहरातील अन्य जीर्ण इमारतींतून संक्रमण शिबिरांत गेलेल्या वृद्धांच्या बाबतीत हा काळ याहूनही लांबलेला आढळतो. पुनर्विकासाचा हिशेब चौरस फुटांत होतो. वर्षांचा हिशेब वयासह मांडण्याची प्रथा अद्याप पडलेली नाही.

मुंबईच्या निवासविषयक संशोधनाचा इतिहास असे दर्शवितो की, प्रत्येक कालखंडाने आपल्या चिंतेला अनुरूप असे एकक निवडले. प्लेगने खोली निवडली, गिरणीने मजूर निवडला, भाडेकायद्याने पावती निवडली, आणि पुनर्विकासाने क्षेत्रफळ निवडले. वृद्ध रहिवासी या चारही एककांत सामावलेला होता व चारही एककांनी तो झाकला गेला. यापुढील अभ्यासकास किमान तीन गोष्टी कराव्या लागतील. शहरातील व गावातील नोंदी एकत्र वाचणे, ही पहिली. रहिवाशाच्या बोलीतील 'घर', 'खोली', 'म्हातारा' या शब्दांचा अर्थ निश्चित करून मगच प्रश्न विचारणे, ही दुसरी. आणि जुन्या जागेतील गैरसोयीबरोबर तेथील सोबतीचीही नोंद, स्थलांतरापूर्वी व स्थलांतरानंतर, त्याच व्यक्तींकडून घेणे, ही तिसरी. पहिल्या दोन कामांस अवधी आहे. तिसऱ्यास तो नाही. कारण चाळी पाडल्या जात आहेत, आणि ज्यांना विचारावयाचे त्यांचे वय वाढत आहे.